रोवणीच्या दिवसांत रात्रीचा भात कोण मांडतो?

गोंदिया जिल्ह्यात जुलै लागला की बाईचा दिवस लांबतो. टाकलेले पऱ्हे रोवणीला आलेले असतात, बांधीत पावसाचं, मामा (माजी मालगुजारी) तलावाचं नाहीतर इटियाडोहच्या कालव्याचं पाणी उतरलेलं असतं, आणि गावातल्या बाया गटागटानं सकाळीच वावराकडे निघतात. दिवसभर कमरेत वाकायचं, चिखलात मागे मागे सरकत एकेक रोप खोवायचं. संध्याकाळी घरी परतल्यावर पाणी, भांडी, भात, वरण आणि उद्याचा डबा ही सगळी कामं तिच्यासाठीच थांबलेली असतात. चिखलणी करून आलेला पुरुषही थकलेला असतो, हे खरं आहे. पण हातपंपावर पाय धुतले की त्याचा दिवस संपतो, तिचा दुसरा दिवस तिथून सुरू होतो.

घरातला माणूस, मग तो नवरा असो, मोठा मुलगा असो, दीर असो की सासरा, घरकाम आपलं समजून करायला लागतो तो नेमका कसा, हे इथे टप्प्याटप्प्यानं पाहू. रोवणीचे दिवस मुद्दाम निवडले आहेत. एरवी घरकाम दिसत नाही. या महिन्यात बाई घरात नसते, त्यामुळे ती काय काय करते ते घरातल्या प्रत्येकाला कळतं. बदल करायचा तर ही वेळ चांगली.

आधी परिस्थिती किती एकांगी आहे ते बघू. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर लोकांच्या चोवीस तासांचा हिशेब घेतला. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. त्यातही हे ९७ फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांचे, आणि असे पुरुष साधारण चारांत एक होते. बायांमध्ये हे प्रमाण पाचांत चार होतं. २०२४ मध्ये पुन्हा मोजणी झाली तेव्हा बायांचे आकडे २८९ वर आले आणि पुरुषांचे ८८ वर. बाईची दहा मिनिटं वाचली, पण पुरुषाचा वेळही कमीच झाला. म्हणजे तिचा भार त्यानं उचलला असं या आकड्यांतून दिसत नाही. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघात भरपाईच्या एका निकालात २०१९ च्याच आकड्यांचा आधार घेतला आणि गृहिणीच्या कामाला आर्थिक मोल आहे हे ठामपणे नोंदवलं. न्यायालयात मोल ठरलं, तरी घरातली वाटणी तशीच राहिली.

"त्याले जमत नाही" हे उत्तर सगळ्यात आधी येतं. ते मला पटत नाही. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडून आणल्यावर सगळं घर ओसरीवर बसून पुडे बांधतं. त्यात पुरुष असतात, पोरं असतात, म्हातारे असतात. पानं सारखी लावायची, मोजायची आणि दोरीनं आवळायची, हे काम नाजूक हातांचं आणि चिकाटीचं आहे, आणि ते सगळ्यांना जमतं. लग्नाच्या पंगतीचा भात मोठ्या गंजात शिजवणारे गावातले पुरुषच असतात. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातले दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली 'पटेल ३' वाणाच्या शेतात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षं निवडल्या आणि त्यातून एचएमटी हा तांदूळ आला. ज्या भागातल्या शेतकऱ्याची नजर इतकी बारीक, त्याला भाताला पाणी किती लागतं ते कळणार नाही, असं कसं मानायचं?

मग पुडे बांधणं आणि भांडी घासणं यात फरक कुठे पडतो? पुड्याचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच्या हातात असतं. त्याची वेळ ठरलेली असते, कारण पुडे फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात त्या जागी, नेऊन द्यायचे असतात. ते मोजलं जातं, सगळ्यांना दिसतं. आणि बांधलेला पुडा कोणी सोडून पुन्हा बांधत नाही. घरकामात पुरुषाच्या वाट्याला बहुधा याच्या उलट गोष्टी येतात. मधलाच एखादा तुकडा, तोही कोणी सांगितल्यावर, आणि केल्यावर "राहू दे, मी करते" असं ऐकायला लागतं. अशा कामात कोणाचंच मन रमत नाही. म्हणून घरकामालाही पुड्याच्या कामासारखं रूप द्यायला हवं. पूर्ण काम, ठरलेली वेळ, आणि एकदा दिलेलं काम परत न घेणं.

यातला पहिला भाग सगळ्यात अवघड आहे, म्हणून त्यावर जरा थांबू या. २०१९ साली अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी जोडप्यांच्या मुलाखतींवरून घरकामातली न दिसणारी बाजू मांडली. त्यांनी तिचे चार भाग केले. पुढे काय लागणार हे ओळखणं, त्यासाठीचे पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि झालं की नाही याकडे लक्ष ठेवणं. यातला ओळखण्याचा आणि लक्ष ठेवण्याचा भार बायांवर जास्त पडतो, असं त्यांना आढळलं. रात्रीच्या जेवणाला हे लावून पाहा. दुपारी चार वाजता बांधीत वाकलेली बाई मनात म्हणत असते, तांदूळ डब्यात तळाला गेलाय, लाखोळीची डाळ संपली, तुरीची थोडी आहे, लहान्याला ताप होता म्हणजे त्याला पेज द्यावी लागेल, सिलिंडर किती दिवस चालेल कोण जाणे. हात रोवणीत आणि डोकं स्वयंपाकघरात. संध्याकाळी नवऱ्यानं "सांग, काय करू?" असं विचारलं तर त्यानं हात दिले, पण डोक्यातला भार तिच्याकडेच राहिला. शिवाय सांगण्याचं एक नवं काम वाढलं. पुष्कळ बाया "सांगण्यापेक्षा मीच करते" म्हणतात, त्याचं कारण हेच असतं.

तेव्हा काम द्यायचं तर आठवणीसकट द्यायचं. "भात मांडून देजो" ही एका दिवसाची सांगी झाली. "रात्रीचा भात तुझा" म्हटलं की तांदूळ किती उरलाय ते बघणं, निवडणं, धुणं, शिजवणं, जेवणं झाल्यावर गंज घासून पालथा घालणं, आणि तांदूळ संपत आला तर गिरणीवर धान भरडायला नेणं, हे सगळं त्यात आलं. काम लहान असलं तरी चालेल, पण अख्खं हवं.

कोणतं काम निवडायचं? गावात हा प्रश्न साधा नाही. लोकांच्या डोळ्यांची भीती खरी असते. बाई डोक्यावर गुंड घेऊन पाणी आणते. पुरुष तेच पाणी कावडीनं, सायकलला डबे लटकावून किंवा मोटारसायकलवर आणतो, आणि त्याला कोणी हसत नाही. दळण, बाजार, सिलिंडर, लाकडं ही कामंही त्याला चालतात. सुरुवात इथून केली तर विरोध कमी होतो. मात्र इथेच थांबलं तर फसगत होते. दळण आठवड्यातून एकदा, बाजार आठवडी, सिलिंडर महिन्या-दोन महिन्यांनी. भात आणि भांडी रोजची, सणवार असो की आजारपण. बाहेरची चार कामं करणाऱ्याला आपण पुष्कळ केलं असं मनापासून वाटतं, आणि बाईच्या दिवसातला अर्धा तासही वाचत नाही. माझ्या मते पहिलं काम रोजचंच हवं. पाण्यापासून सुरू करायचं असेल तर रोजचं पिण्याचं पाणी, माठ घासण्यासकट. जमेल तिथे सरळ रात्रीचा भातच घ्यावा. तो घराच्या आत होतो, तासाभरात उरकतो, आणि रोवणीवरून आलेल्या बाईला त्याच तासाची सगळ्यात जास्त गरज असते.

आता बोलण्याबद्दल. थकून आल्यावर, भांड्यांच्या ढिगाकडे बघत काढलेला विषय भांडणातच संपतो. पऱ्हे टाकून झाले की रोवणीपर्यंत जे थोडे मोकळे दिवस मिळतात, त्यात दुपारी चहा घेताना बोलावं. "मी किती करते आणि तुम्ही किती" हा हिशेब काढू नये. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं, की घरातल्या कामांत तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक वेळा शंभरच्या वर गेली. कोणी खोटं बोलत नव्हतं. आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्यानं केलेलं डोळ्यांआडच राहतं. वाट्यावर वाद घातला की दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक राहतात आणि निकाल लागत नाही. त्यापेक्षा एखाद्या पाठकोऱ्या कागदावर पहाटेपासून रात्रीपर्यंत घरात काय काय होतं ते क्रमानं लिहावं, दोघांनी मिळून. सडा, पाणी, चहा, डबे, मुलांची शाळा, गुरांचं शेण, सगळं. कोण करतं ते लिहूच नये. कागद भरत गेला की ते आपोआप दिसतं. आणि मग विचारावं, "रोवणीपुरतं यातलं कोणतं एक काम तुमचं?"

हा प्रश्न विचारणं फार महत्त्वाचं आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दीर्घकाळ हेच अभ्यासत आले, की माणूस एखादं काम आपलं म्हणून कधी करतो. त्यांच्या मते तीन गोष्टी लागतात. निवड आपली असावी, काम जमतं असं वाटावं, आणि ज्यांच्यासाठी करतो त्यांच्याशी नातं असावं. हुकूम सोडला की पहिली जाते, चुका काढल्या की दुसरी, टोमणे मारले की तिसरी. नवऱ्यानं भाताऐवजी भांडी निवडली तर निवडू द्यावीत. मात्र यादीतलं एक काम घ्यायचंच, यावर ठाम राहावं. निवड कोणत्या कामाची, एवढीच आहे. करायचं की नाही याची नाही.

निवडलं की वेळ लगेच ठरवावी, आणि ती घड्याळापेक्षा एखाद्या रोजच्या घडामोडीला बांधावी. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलंय, की "करीन" एवढ्या ठरवण्यापेक्षा "अमुक झालं की तमुक करीन" असं ठरवलेलं जास्त पार पडतं. आठवण मनाला ठेवावी लागत नाही, ती घडामोडच आठवण करून देते. धानाच्या घरात असे ठाशीव क्षण भरपूर आहेत. ढोरं गोठ्यात बांधली की हात धुऊन तांदूळ निवडायला घ्यायचे. मुलाच्या बाबतीत, क्लासवरून सायकल आत लावली की दप्तर ठेवायच्या आधी पाण्याचे डबे उचलायचे. वाक्य असं नेमकं असावं. "संध्याकाळी बघतो" असं ठरलं तर ते काम होत नाही.

नंतर शिकवणं. पहिले दोन-चार दिवस शेजारी उभं राहून शिकवावं आणि जे आपल्याला सवयीनं कळतं ते तोंडानं सांगावं. भाताचंच घ्या. नवा तांदूळ कमी पाणी पितो, जुना जास्त. पेज काढायची असेल तर पाणी भरपूर घालून दाणा बोटांत चेपून बघायचा, आत बारीक कणी लागली की उतरवायचा. कुकरमध्ये लावायचा तर पाणी मोजूनच. भिजवलेल्या तांदळाला वेळ कमी लागतो. ही माहिती बाईच्या हातात वर्षानुवर्षांच्या सवयीनं मुरलेली असते, म्हणून ती शिकवण्यासारखी वाटतच नाही, आणि मग "एवढंही कळत नाही?" असं तोंडून निघतं. नाही कळत, कारण कोणी दाखवलेलंच नसतं.

यानंतरचा टप्पा बाईसाठी कठीण आहे. बाजूला होणं. भात गिचका झाला तर त्या रात्री सगळ्यांनी गिचका भात खावा. गंजाला कड राहिली तर दुसऱ्या दिवशी कामाच्या वेळीच सांगावं, "बुडाशी जरा राखेनं घासा." त्याच्या मागून उठून पुन्हा घासू नये. एकदा पुन्हा घासलं की काम परत तिच्याकडे आलंच, आणि त्यालाही ते कळतं. काय चालवून घ्यायचं आणि काय नाही, हे आधीच बोललेलं बरं. पाणी झाकलेलं असलंच पाहिजे, जेवण मुलं झोपायच्या आत व्हायला हवं, गॅस बंद केलेला असावा, यात तडजोड नाही. भात मोकळा की मऊ, ताटं कुठल्या फळीवर, कांदा किती जाड, हे त्याच्यावर सोडावं. घराघरांत ही ओढाताण सासू-सुनेतही असते, आणि सासूनं "माझ्या लेकाला चुलीपुढं बसवलंस" म्हटलं तर नवऱ्यापेक्षा सुनेचीच हिंमत आधी खचते. अशा वेळी सासूशी बोलण्याचं काम लेकानं करावं. "आई, भात मी मांडतो, तिनं सांगितलं म्हणून नाही" हे वाक्य त्याच्या तोंडून एकदा आलं की सुनेवरचा अर्धा रोख उतरतो.

लहान मुलांचं वेगळं आहे. तिथे प्रेरणा जागवावी लागत नाही, फक्त विझू द्यायची नसते. दीड-दोन वर्षांचं मूल फडा हातात घेऊन मागे लागतं आणि आपण ते काढून घेतो, कारण कचरा पसरतो. लायपझिगमधल्या संशोधनात फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ मध्ये दाखवलं, की वीस महिन्यांची मुलं आपणहून मदत करतात, आणि मदतीबद्दल खेळणं बक्षीस मिळालेली मुलं पुढे कमी मदत करायला लागतात. म्हणून घरातल्या कामाला दहा रुपये, चॉकलेट लावू नये. बार्बरा रोगॉफ यांनी मेक्सिकोतल्या आदिवासी वारशाच्या कुटुंबांत पाहिलं, की तिथली मुलं मोठ्यांच्या कामात शेजारी बसून, बघून, हात लावून शिकतात आणि मोठेपणी न सांगता उठतात. आपल्याकडे मोहफुलं वेचताना मुलं अशीच शिकतात. फक्त घराच्या आत आलं की मुलगी शिकते आणि मुलगा खेळायला जातो. इथे एक गोष्ट जपायला हवी. रोवणीत घरातली ओझी मुलीवर सरकणं फार सोपं असतं. थोरली शाळा बुडवून धाकट्याला सांभाळत थांबते. पुरुषाचं काम वाढवण्याऐवजी बारा वर्षांच्या पोरीचं वाढलं तर काहीच बदललं नाही.

लोक हसतील, "बायल्या" म्हणतील, ही भीती एकट्यानं सहन होत नाही, दोघा-तिघांत होते. मुंबईत १९९३ पासून पुरुषांबरोबर काम करणाऱ्या 'मावा' या संस्थेचा मार्ग हाच राहिला आहे. पुरुषाशी पुरुषांनी बोलायचं, आणि तरुणांना त्यांच्याच वयाच्या तरुणांनी तयार करायचं. गावात यासाठी संस्था लागत नाही. बचत गटातल्या बायांनी ठरवून दोन-तीन घरांत एकाच वेळी सुरुवात केली तर पानठेल्यावर चर्चा एकाची होत नाही. शाळेचाही आधार घेता येतो. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातली चित्रं बदलली आणि आई-बाबा एकत्र बसून भाजी निवडताना दाखवले. त्याच्याही कितीतरी आधी, १९३३ मध्ये लिहिलेल्या 'श्यामची आई'त साने गुरुजींनी एका प्रकरणाला 'अर्धनारी नटेश्वर' हे नाव दिलं आहे, आणि त्यातला श्याम आईच्या कामाला हात लावताना लाजत नाही. हे पुस्तक गावातल्या वाचणाऱ्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक असतं. त्यांच्याशी बोलायला याहून चांगला दुवा मला माहीत नाही.

एक अपवाद स्पष्ट सांगायला हवा. जिथे दारू आणि मारहाण आहे, तिथे यातलं काही लागू पडत नाही. तिथे बाईनं कागद घेऊन बसू नये. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला ११२ आहे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी आहेत. आधी सुरक्षितता, कामाची वाटणी त्यानंतर.

सवय बसायला किती दिवस? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात ९६ जणांनी एकेक नवी सवय लावायचा प्रयत्न केला. मध्यक आला ६६ दिवस, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ पर्यंत. हा आकडा रोवणीला लावून पाहा. जुलैच्या सुरुवातीला घेतलेलं काम रोवणी उरकेपर्यंत बसलेलं नसतं. त्याला पोळ्याच्या आसपासपर्यंत चालावं लागतं. आणि बहुतेक घरांत ते नेमकं रोवणी संपल्यावर सुटतं, कारण बाई पुन्हा संध्याकाळी लवकर घरी असते आणि सहज गंज उचलते. निंदणाच्या दिवसांत तिनं तो उचलू नये. मधे एखादा दिवस चुकला तर त्याचा बाऊ करू नये. एखादा खाडा पडल्यानं सवय मोडत नाही, असंही त्याच अभ्यासात दिसलं. सलग आठवडा चुकला तर पुन्हा तो कागद काढावा आणि काम बदलायचं का ते विचारावं. कधी कधी काम बरोबर असतं, वेळ चुकीची असते. ढोरं उशिरा येत असतील तर भाताला दुसरा क्षण शोधावा.

पोळ्यानंतर दुसरं काम घ्यायची घाई नको, पण दिवाळीच्या आत घ्यावं. कारण दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, लेकी-जावई येतात, घरात पंगती उठतात, आणि त्याच सुमाराला हलकं धान कापणीला येतं. दुसरं काम त्या दिवसांचं बघून निवडावं. पाहुण्यांच्या जेवणानंतरची भांडी, नाहीतर सकाळचा पहिला चहा आणि न्याहारी. तेव्हाही कागद तोच, बोलणं तसंच, पण या वेळी विषय काढायचा तो भात मांडणाऱ्यानं.